मोठ्याने वाचताना श्वास कसा सांभाळावा

मोठ्याने वाचताना वाक्याच्या शेवटी आवाज विरत असेल, तर दोष बहुधा गळ्याचा नसून श्वासाचा असतो. ताठ बसून एक तळहात बेंबीच्या वर ठेवावा आणि नाकाने सावकाश श्वास घ्यावा. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटल हा घुमटाकार स्नायू खाली सरकला, की पोट पुढे येऊन हात ढकलला जातो. नुसते खांदेच उचलले जात असतील, तर श्वास वरवरचा आहे असे समजावे.

आता दुसऱ्या हाताची बोटे कंठमण्यावर ठेवून आधी ‘स्स्स्’ आणि मग ‘आऽऽ’ असा उच्चार करावा. पहिल्या वेळी बोटांखाली काहीच जाणवत नाही, कारण फुप्फुसांतली हवा उघड्या स्वरतंतूंमधून सरळ निघून जाते. ‘आ’ म्हणताना मात्र तेच तंतू जवळ येऊन सेकंदाला साधारण १०० ते २०० वेळा कंप पावतात.

तळहात ओठांपुढे धरून ‘ताट’ आणि ‘थाट’ म्हटल्यास ‘थ’चा झोत स्पष्ट लागतो. ‘थ’सारखे जास्त हवा सोडून उच्चारले जाणारे महाप्राण वर्ण दाटीने आले, की हवा लवकर सरते; म्हणून दम संपण्याची वाट न पाहता स्वल्पविरामाशीच श्वास घ्यावा. चक्कर आल्यासारखे वाटल्यास सराव तिथेच थांबवावा.