शाळेची कॉम्प्युटर लॅब बंद पडू नये म्हणून

लॅबची जबाबदारी शाळेत बहुतेकदा गणिताच्या नाहीतर विज्ञानाच्या शिक्षकांकडे येते. मी गणित शिकवते, तशीच ती माझ्याकडे आली. आमची शाळा सिंधुदुर्गातली. लॅबमध्ये पंधरा मशीन, शिवाय ऑफिस, स्टाफरूम आणि मैदानापलीकडची नवी इमारत. कॉम्प्युटर आहेत, मुलं आहेत आणि ‘बिघडतील’ म्हणून दाराला कुलूप, हे मला बघवत नाही. मशीन वापरून जितकी बिघडतात, त्याहून जास्त दमटपणाने, विजेने आणि नुसती पडून राहिल्याने बिघडतात.

म्हणून आधी वीज बघा. वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. जास्त भरलं तर पुढचा सगळा खर्च आधी अर्थिंगवर करा. आमच्याकडे जांभा दगड, त्यात अर्थिंग मुळातच नीट लागत नाही. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून घ्यावं लागतं आणि एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतावं लागतं. हे काम शिपाईमामांना लावून द्या, पण झालं का ते स्वतः बघा. यूपीएसच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं चालत नाही.

वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात ढग गडगडायला लागले की राउटर आणि नेटवर्क स्विच (सगळ्या मशीनच्या केबल जिथे येऊन जोडतात तो डबा) यांचे प्लग बोर्डातून काढायचे. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दोन इमारतींमध्ये उघड्यावरून तांब्याची नेटवर्क केबल नेली असेल तर ती काढून फायबर टाका. जवळपास वीज पडली की तो झटका त्याच केबलमधून दोन्हीकडच्या मशीनपर्यंत जातो. फायबरच्या काचेतून वीज वाहत नाही, मात्र आत धातूची तार नसलेलं फायबर मागा. तसंही तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर, त्यामुळे मैदान ओलांडायला फायबरच बरं.

आता नेटवर्क. ‘नेट गेलं’ अशी तक्रार आली की लगेच कंपनीला फोन लावू नका. आधी एकाच मशीनचं गेलंय की सगळ्यांचं, ते विचारा. सगळ्यांचं गेलं असेल तर स्विचसमोर जाऊन उभ्या राहा. सगळे दिवे एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत असतील तर कोणीतरी मोकळी लोंबणारी केबल ‘निघालीय’ असं वाटून परत खोचलेली असते, आणि तिची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये गेलेली असतात. साध्या स्विचला हे ओळखता येत नाही. तोच तोच डेटा गोल फिरत राहतो आणि अख्खी शाळा ठप्प होते. एक टोक काढलं की सगळं पूर्ववत. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना सारखाच नंबर चिकटवलेला असेल तर हा शोध झटपट लागतो. नंबर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून वर पारदर्शक टेप लावा, नाहीतर पावसाळ्यात शाई जाते.

एकाच मशीनवर नेट नसेल आणि ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मशीन बरेच दिवस बंद राहिलं की मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो आणि घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला लागूच होत नाही, म्हणून पान उघडत नाही. CR2032 नावाचा नाण्याएवढा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून कॅबिनेट उघडा, सेल बदला आणि तारीख लावा. मशीन चालूच होत नसेल आणि नुसतं बीप-बीप करत असेल तर रॅम (मेमरीची छोटी पाटी) काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा. कोकणातल्या दमट हवेत हा उपाय पुष्कळदा लागू पडतो.

मुलांना लॅबमध्ये साधं युजर खातं द्या, ॲडमिनचा पासवर्ड नको. राउटरमध्ये डीएनएसच्या (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) जागी 1.1.1.3 आणि 1.0.0.3 घातलं की अश्लील आणि घातक साइट बऱ्याच अंशी बंद होतात, तेही फुकट. ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ बंद करायला विसरू नका, नाहीतर ही गाळणी टाळली जाते. तरीही वर्गात फिरणाऱ्या बाईंचं लक्ष हवंच. शिक्षकांच्या मोबाइलसाठी गेस्ट वायफाय वेगळं ठेवा. युडायस प्लसची (शाळा आणि मुलांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) माहिती भरायची वेळ आली की ऑफिसच्या मशीनला केबलनेच नेट द्या.

विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली. पण तेवढ्यासाठी जुनी मशीन भंगारात काढायची गरज नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवा आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाका. लिखाण आणि तक्ते करायचं लिबरऑफिस मराठीतून चालतं, मुलं ते लवकर उचलतात. नेट वारंवार जात असेल तर किविक्स या प्रोग्रॅमने मराठी विकिपीडिया एका मशीनवर उतरवून ठेवा. नेट नसलं तरी तास वाया जात नाही.

एक वही करा. राउटरचं लॉगिन, नेट कंपनीचा युजर आयडी, कुठली केबल कुठे जाते, वॉरंटी कधी संपते, सगळं तिच्यात. ती हेडसरांच्या कपाटात कुलपात राहू दे. युडायससारख्या पोर्टलचे पासवर्ड भिंतीवर चिकटवलेले मी पाहिले आहेत. त्यामागे मुलांचे आधार नंबर आणि पत्ते असतात, त्यामुळे हे अजिबात चालणार नाही. आणि तुमची बदली झाली तर ती वही नव्या शिक्षकांच्या हातात स्वतः द्या, प्रत्येक पान उलगडून सांगा.

मे महिन्याच्या सुट्टीत लॅब पूर्ण बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन सगळी मशीन तासभर चालू ठेवावी, म्हणजे आतला ओलावा निघतो. निकालाच्या फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती शाळेबाहेर ठेवा. जूनमध्ये मुलं यायच्या दोन दिवस आधी प्रत्येक मशीन लावून तारीख तपासा आणि चार-पाच सेल आणूनच ठेवा.