मागचे ब्रेक घरी करताय? या चुका टाळा

जुनी ऑल्टो, वॅगनआर किंवा स्विफ्ट घेतली की पुढच्या डिस्कपॅडकडे सगळ्यांचं लक्ष जातं, कारण ते रिमच्या फटीतून दिसतात. मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं बंद भांडं. आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, आणि आधीच्या मालकाने काय करून घेतलंय याची तर अजिबात खात्री नसते. म्हणून नवे लायनर (ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं अस्तर) आणायला धावण्याआधी ड्रम उघडून बघा. गाडी एका बाजूला ओढते, चाक तापतं, हँडब्रेक पार वर येतो. यांतल्या प्रत्येक तक्रारीला लायनरच जबाबदार असतो असं नाही.

हँडब्रेकचंच घ्या. दांडा वर आला की केबल सैल झाली असं समजून लोक ती आवळून टाकतात. केबल क्वचितच दोषी असते. लायनर झिजल्याने शू (लायनर बसवलेली अर्धगोल कमान) आणि ड्रममधलं अंतर वाढलेलं असतं, किंवा ते अंतर भरून काढणारा अ‍ॅडजस्टर गंजून अडकलेला असतो. केबल आवळली की आतली हँडब्रेकची पट्टी अर्धवट ओढलेलीच राहते. मग अ‍ॅडजस्टरला हालचालच मिळत नाही, आणि लायनर झिजतो तसं पेडल दिवसेंदिवस खाली जातं. क्रम उलटा हवा: आधी केबल पूर्ण सैल सोडा, मग शू अ‍ॅडजस्ट करा. ड्रम हाताने फिरवल्यावर हलकी घासल्याची सळसळ यावी, पण तो अडकू नये. त्यानंतर पेडल चार-पाचदा दाबून शू जागेवर बसू द्या आणि सर्वात शेवटी केबलला हात लावा.

पेडल खोल जातंय म्हणून लगेच ब्लीडिंग करणं, म्हणजे ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं, ही त्याचीच जुळी बहीण. गाडी उभी असताना हँडब्रेक ओढा आणि पेडल पुन्हा दाबून बघा. पेडल बरंच वर आलं तर दोष मागच्या शूच्या अंतराचा. स्पंजासारखं मऊच लागलं तर हवेचा संशय घ्या. नुसते शू बदलले, पाइप किंवा सिलिंडर उघडला नाही, तर हवा शिरायचं काही कारणच नसतं. आणि ब्लीडिंग करावंच लागलं तर जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य सिलिंडर) जो भाग रोज वापरात येत नाही तिथे गंज-मळ साचतो आणि आतल्या रबराला तो कापतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

ड्रम निघत नाही म्हणून हातोड्याने कडेवर घाव घालू नका. ड्रम बीडाचा, म्हणजे ठिसूळ ओतीव लोखंडाचा असतो, टवका उडतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर उभी राहिली की लायनर गंजून ड्रमला चिकटतो, हे कोकणात नवीन नाही. हँडब्रेक सोडा, अ‍ॅडजस्टर मागे घ्या. बऱ्याच ड्रमना दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम सरळ बाहेर येतो. काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं. तिथे मधली टोपी काढून नट खोलावा लागतो. तो परत नेमका किती आवळायचा हे माहीत नसेल तर तेवढं काम गॅरेजवर सोडा.

हँडब्रेक सोडायचाच आहे, त्यामुळे गाडी सरकू नये म्हणून पुढच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. मागची बाजू उचलल्यावर नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. विटा-चिरेही नकोत, ते अचानक फुटतात. लोखंडी स्टँडच हवेत.

ड्रम काढल्यावर आतली काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. मग व्हील सिलिंडरचं (शू ड्रमकडे ढकलणारा चाकातला छोटा सिलिंडर) रबर किंचित उचलून बघा. आत ब्रेक ऑइल साचलेलं दिसलं तर नवे लायनर लावून उपयोग नाही, आठवडाभरात तेही भिजतील. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावणारे भेटतात. तेल आत मुरलेलं असतं, तापलं की वर येतं. ओम्नी, बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओल दिसली तर वास घ्या. उग्र वास असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे अ‍ॅक्सलचं सील गेलंय.

दोन्ही बाजू एकदम खोलू नका. स्प्रिंग कुठे अडकते, कुठली पट्टी वर, हे विसरलात तर दुसरी बाजू बघायला असते. मात्र आधीच्या मिस्त्रीने तिथेही घोळ घातलेला असू शकतो. बहुतेक छोट्या गाड्यांत हँडब्रेकची पट्टी असलेला शू मागच्या अंगाला येतो. अ‍ॅडजस्टर डावा-उजवा वेगळा असेल तर त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. लायनर मात्र दोन्ही चाकांचे, एकामागून एक पण त्याच कामात, बदला, नाहीतर गाडी ओढणारच.

ड्रम बाहेर असताना घरातल्या कुणालाही पेडलवर पाय ठेवू देऊ नका. सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि ब्रेक ऑइल सगळीकडे पसरतं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

ड्रमवर आतला जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो. त्यापुढे झिजला असेल तर लेथवर नेऊन उपयोग नाही, नवाच घ्या.

चाकं लावून झाली की गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागतंय ना ते बघा, आणि आधी मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक मारून पाहा. चार-पाच किलोमीटर जाऊन आल्यावर ड्रमला हात न लावता, नुसता जवळ नेऊन बघा. एकच बाजू जास्त तापली असेल तर तिथला शू घासतोय. तो ड्रम पुन्हा उघडा.