म्हाताऱ्या कुत्र्याची छायाचित्रे काढण्यापूर्वी करावयाची तयारी

कुत्रा बारा-तेरा वर्षांचा होतो, पायरी चढताना मध्येच थांबू लागतो, किंवा डॉक्टर मूत्रपिंडाचा, हृदयाचा अथवा गाठीचा आजार सांगून फारसे काही हातात नसल्याचे सुचवतात, आणि मग घरातल्या कुणाच्या तरी मनात येते की याचे चार चांगले फोटो असायला हवेत. ही इच्छा ज्या आठवड्यात मनात येईल त्याच आठवड्यात दिवस ठरवावा. बहुतेक घरांत हे काम लांबत जाते, कारण फोटोसाठी बसवणे म्हणजे त्याचे जाणे मान्य करणे असे वाटते; पण अगदी शेवटच्या दिवसांत काढलेल्या चित्रांत आजार दिसतो, तो स्वतः दिसत नाही. तो अजून आपणहून भाकरी मागतो आहे, दाराची कडी वाजली की कान टवकारतो आहे, तोवरच चित्रे काढून व्हावीत. एकाच दिवशी तासभर बसवण्यापेक्षा वेगवेगळ्या दिवशी दहा-पंधरा मिनिटे काढलेली बरी, आणि त्या थोड्या वेळातला एक क्षणही आपल्या शोधाशोधीत जाऊ नये, यासाठीच पुढची सारी तयारी त्याला जागेवरून उठवण्याआधी पुरी करायची आहे.

दिवस ठरवण्यापूर्वी त्याच्या डॉक्टरांना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. सांधेदुखीचे औषध चालू असेल तर ते दिल्यापासून किती वेळाने त्याला सर्वांत मोकळे वाटते, त्याला उचलायचे झाल्यास कसे उचलावे, आणि आमिष म्हणून काय दिलेले चालेल, हे माहीत असले म्हणजे वेळ आपोआप ठरते. उकडलेल्या बिनमिठाच्या कोंबडीचे बारीक तुकडे बहुतेक कुत्र्यांना चालतात, पण मूत्रपिंडाच्या पथ्यावर असलेल्याला तेही विचारूनच द्यावेत; बेदाणे, चॉकलेट आणि कांदा-लसूण घातलेले काहीही देऊ नये. त्या दिवशी त्याला जरा बरे वाटावे म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी देण्याचा मोह कुणाला झाला तर त्याला तिथेच थांबवावे, कारण माणसाची वेदनाशामके कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. आदल्या रात्री तो झोपलेला असताना मिनिटभरात किती श्वास घेतो तेही मोजून ठेवावे. शांत झोपेत हा आकडा सतत 30 च्या वर जात असेल तर फोटोचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवावे.

जागा निवडताना उद्यानात, किल्ल्यावर किंवा तळ्याकाठी नेण्याचा विचार मनात येतो, पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत माझे मत स्पष्टपणे घराच्या बाजूने आहे. त्याची दृष्टी आणि कान मंदावलेले असतात. नव्या जागी तो वास घेत, गोंधळून फिरत राहतो आणि दमतो. घरात मात्र कोणत्या उंबऱ्याशी पाय उचलायचा हे त्याच्या पायांना ठाऊक असते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जुन्या कौलारू घरांत तर उत्तम उजेड आयताच मिळतो. माजघरात अंधार असला तरी सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, एका बाजूच्या दारातून किंवा खिडकीतून मऊ प्रकाश येतो, आणि त्या प्रकाशात तोंडावरचे पांढरे झालेले केस एकेक करून दिसतात. सोपा नसेल तर परड्यातली, म्हणजे घरामागच्या अंगणातली, सावली किंवा फ्लॅटमधली गॅलरीही चालेल. ठरलेल्या दिवसाच्या आधी दोन-तीन वेळा त्याच जागी जाऊन सकाळी किती वाजता उजेड आडवा येतो आणि केव्हा तो थेट डोळ्यांवर पडू लागतो, हे पाहून ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, आभाळ दिवसदिवस भरलेले असते. त्याने खंतावू नये. ढगातून झिरपणारा उजेड काळ्या आणि पांढऱ्या दोन्ही केसांना मानवतो, फक्त कुत्र्याला दाराच्या थोडे जवळ आणावे लागते. उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजण्याच्या आत काम आटोपावे, आणि अंगणातल्या फरशीवर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला चटका बसत असेल तर त्याच्या पंज्यांनाही बसणार आहे.

फरशीची आणखी एक अडचण आहे. शहाबादी असो वा चकचकीत टाइल्स, मागचे पाय कमजोर झालेल्या कुत्र्याचे पाय त्यावर फाकतात, आणि एकदा घसरला की तो त्या दिवशी पुन्हा धीर करीत नाही. त्याच्या नेहमीच्या बिछान्यापासून ठरलेल्या जागेपर्यंत सतरंजी किंवा घोंगडे अंथरावे आणि जिथे तो बसणार तिथे त्याची रोजचीच वाकळ टाकावी. नवी, धुतलेली, रंगीत चादर फोटोत छान दिसेल, पण तिला त्याचा वास नसतो. मागची भिंत मात्र मोकळी करावी: चपलांचे स्टँड, गॅसची टाकी, लोंबणारी चार्जरची वायर आधीच हलवावी, कारण तो बसल्यावर सामान ओढण्याच्या आवाजाने तो उठणारच.

आंघोळीचा घाट घालू नये. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने डोळ्यांच्या कडा आणि तोंड पुसले, हलक्या हाताने केस विंचरले, की पुरे. या भागात अनेक घरांत मुधोळ जातीचा कुत्रा असतो. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारीच, आणि या जातीवर भारतीय टपाल खात्याने 2005 साली तिकीटही काढले आहे. त्याच्या अंगावर केस आखूड आणि चरबी कमी असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी तो कुडकुडतो. त्याला शेवटच्या क्षणापर्यंत पांघरुणात ठेवावे. म्हातारपणी त्याची हाडे वर दिसू लागतात, आणि बाजूने आलेल्या उजेडात बरगड्या अधिकच उठून दिसतात. हे नको असल्यास समोरून, छातीपर्यंतचाच फोटो घ्यावा.

कॅमेऱ्याची तयारी तशी थोडी आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच पुसावी, मोबाइलमधली साठवणीची जागा रिकामी करावी, बॅटरी भरून ठेवावी, शटरचा आवाज बंद करावा. फ्लॅश पूर्ण बंद असावा. कुत्र्याच्या डोळ्यामागे प्रकाश परतवणारा पडदा असल्याने डोळे हिरवट चमकतात. सात-आठ वर्षांनंतर बहुतेक कुत्र्यांच्या डोळ्यांतले भिंग दाट होऊन निळसर धुरकट दिसू लागते. तो दर वेळी मोतीबिंदूच असतो असे नाही, पण समोरून पडलेल्या झोतात तो धुरकटपणा भडक होतो, तर तिरक्या उजेडात डोळा जिवंत दिसतो. मोबाइल अगदी नाकाशी नेल्यास नाक मोठे आणि डोके लहान येते, म्हणून दोन-तीन पावले मागे सरून दुपटीची (2x) लेन्स वापरावी. वेगळा कॅमेरा असेल तर शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या आसपास आणि भिंगाचे छिद्र (अॅपर्चर) एफ 4 च्या जवळ ठेवावे. त्याहून जास्त उघडल्यास लांब तोंडाच्या कुत्र्याचे नाक स्पष्ट आणि डोळे पुसट, असे होते. काळ्या कुत्र्याने चौकट भरली की कॅमेरा त्याला करडा करू पाहतो, म्हणून कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) थोडा उतरवावा; तोच कुत्रा पांढऱ्या भिंतीपुढे बसला तर हिशेब उलटतो आणि उजेड चढवावा लागतो. सर्वांत मोठा फरक मात्र आपल्या बसण्याने पडतो. उभ्याने काढलेला फोटो वरून पाहिल्यासारखा येतो; जमिनीवर पालथे पडून त्याच्या डोळ्यांच्या रेषेत यावे, आणि त्यासाठी आपल्यापुरतेही एखादे पोते आधीच अंथरावे.

त्याला हाक कोण मारणार, हेही ठरवून ठेवावे. म्हातारपणी आधी चढे, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. खालच्या सुरातली हाक किंवा जमिनीवर हलकेच मारलेली थाप पोहोचते. सीमाभागातल्या अनेक घरांत कुत्रा घरच्यांचे ‘ये’ आणि शेजाऱ्यांचे कन्नड ‘बा’ अशा दोन्ही हाका ओळखतो. ज्या माणसाच्या आणि ज्या हाकेवर त्याची मान आजही वळते, त्या माणसाला त्या दिवशी घरी राहायला सांगावे आणि मोबाइल आडवा धरून ती हाक व त्याचे पाहणे मिनिटभर चित्रित करावे. त्याचा श्वास, घोरणे, पाणी पितानाचा आवाज फोटोत येत नाही.

कोणती चित्रे हवीत याची यादी कागदावर लिहून घरातल्या सर्वांना वाचून दाखवावी, म्हणजे प्रत्येकाला आठवणाऱ्या एखाद्या गोष्टीची तीत भर पडते. पंज्यांच्या भेगाळलेल्या गाद्या, फाटका कान, शेपटीचे टोक, तो झोपतो ती दारामागची जागा, त्याचे पोचे पडलेले ताट, गळ्यातला पट्टा ही चित्रे तो झोपलेला असतानाही घेता येतात. जागेपणीचा वेळ माणसांसाठी राखावा. आजीचा हात त्याच्या डोक्यावर, शाळेच्या गणवेशातली मुले त्याच्या कुशीला, ज्याने त्याला पिल्लू म्हणून आणले त्याच्या मांडीवर टेकलेली हनुवटी, अशी चित्रे नंतर पुन्हा पुन्हा काढून पाहिली जातात. जो सदस्य नेहमी कॅमेऱ्यामागे असतो तो अशा वेळी हमखास सुटतो. त्याच्यासाठी मोबाइल दुसऱ्याच्या हाती देण्याची आठवण यादीतच लिहावी. परगावी असलेल्या लेकीला यायचे असेल तर दिवस तिच्या सोयीने थोडा हलवावा, फार लांबवू नये.

शेतकरी घरात हीच तयारी थकलेल्या बैलासाठीही करता येते. कर्नाटकी बेंदराला, ज्येष्ठ पौर्णिमेला, त्याला नाहीतरी धुऊन, शिंगे रंगवून उभा करतात; त्या दिवशी मिरवणुकीची गर्दी होण्याआधी, गोठ्याच्या दारात, धन्याच्या खांद्याशी त्याचे डोके असताना फोटो घ्यावा.

थांबायचे केव्हा, याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा आणि त्याने फोटो काढू नयेत, कुत्र्याकडे पाहावे. ऊन किंवा श्रम नसताना धापा टाकणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, जांभया देणे, तोंड फिरवणे, शेपूट आत घेणे, यांपैकी काही दिसले की यादी अर्धी राहिली तरी काम थांबवावे. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसल्यास सरळ दवाखाना गाठावा. त्यासाठी डॉक्टरांचा नंबर आणि गाडीची किंवा रिक्षाची सोय आधीच पाहिलेली असावी.

संध्याकाळी सगळी चित्रे मोबाइलखेरीज आणखी दोन ठिकाणी उतरवावीत. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत, नाहीतर त्यांचा दर्जा उतरतो आणि मोठी प्रत छापताना चेहरा फुटतो. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या छपाईसाठी चित्र निदान 1200 बाय 1800 पिक्सेलचे असावे. निवडलेली दहा-बारा चित्रे त्याच आठवड्यात गल्लीतल्या स्टुडिओत देऊन छापून आणावीत, आणि प्रत्येकाच्या मागे तारीख, जागा आणि चित्रातल्या माणसांची नावे मऊ पेन्सिलीने, जोर न देता लिहावीत; शाई पलीकडच्या फोटोला लागते.