फिंच एका पिंजऱ्यात सोडताना या चुका टाळा

नवे फिंच, म्हणजे दाणे टिपणारे छोटे पाळीव पक्षी, संध्याकाळी आणायचे, लगेच जुन्यांच्या पिंजऱ्यात सोडायचे आणि सकाळी त्यातले एखादे पिसे फुगवून तळाशी बसलेले आढळले की पाखरांच्या स्वभावाला बोल लावायचा, हा प्रकार बेळगावपासून निपाणी-खानापूरपर्यंत नेहमीचा आहे. वास्तविक झेब्रा फिंच आणि बंगाली फिंच हे दोन्ही थव्याने राहणारे पक्षी आहेत. त्यांच्यात भांडण लागते ते जागा, जोडीदार आणि घरटे यांवरून, आणि या तिन्ही गोष्टी पाळणाऱ्याच्या हातात असतात.

भांडणाच्याही आधी आजाराचा विचार करावा लागतो. दुकानातल्या दाटीतून आलेला पक्षी वरून ठणठणीत दिसला, तरी त्याच्या श्वासमार्गात सूक्ष्म परजीवी (माइट) असू शकतात आणि गोल्डियन फिंचमध्ये हा त्रास विशेष आढळतो. रात्री घर शांत झाल्यावर पिंजऱ्याजवळ कान नेला असता श्वासागणिक बारीक टिकटिक ऐकू येणे, चोच उघडी राहणे आणि शेपटी श्वासाबरोबर वरखाली होणे ही त्याची लक्षणे होत. म्हणून नवे पक्षी निदान 30 दिवस वेगळ्या खोलीत ठेवावेत. जुन्यांच्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवणे म्हणजे वेगळे ठेवणे नव्हे. दाणा-पाणी आधी जुन्यांना आणि मग नव्यांना द्यावे, भांडीही निराळी असावीत. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की राळे-बाजरीला बुरशी धरायला वेळ लागत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात नवी खरेदी न केलेलीच बरी, असे माझे मत आहे.

दुसरी चूक खरेदीच्या वेळीच होते. ‘जोडी’ म्हणून घरी आलेले दोन्ही पक्षी पुष्कळदा नर निघतात. राखाडी झेब्रा फिंचमध्ये नराच्या गालावर नारिंगी ठिपका आणि कुशीला तांबूस पट्ट्यावर पांढरे ठिपके असतात, तर मादी साधी राखाडी असते. पांढऱ्या रंगाच्या झेब्रात हे काहीच दिसत नसल्याने चोचीवरून अंदाज करावा लागतो: नराची गडद लाल, मादीची फिकट नारिंगी. बंगाली फिंचचे नर-मादी मात्र सारखेच दिसतात; त्यांच्यात गातो तो नर, म्हणून गाणे ऐकल्याखेरीज जोडी ठरवू नये. एका मादीमागे दोन नर ही सर्वांत वाईट रचना होय. लहान पिंजऱ्यात दोन जोड्यांनीही सतत हद्दीचे तंटे होतात, म्हणून एकच जोडी ठेवावी. प्रशस्त पिंजरा असेल तर तीन किंवा अधिक जोड्या ठेवाव्यात, म्हणजे राग एकाच जोडीवर निघत नाही. फिंच आडवे उडतात. त्यामुळे उंच आणि अरुंद पिंजरा कितीही देखणा असला तरी निरुपयोगी ठरतो. एका जोडीलाही सुमारे 75 सेंटिमीटर लांबी हवीच.

तथापि सर्वाधिक भांडणे घरट्यामुळे होतात. नवे पक्षी येणार असताना आत घरट्याचे मडके टांगलेले असले, तर जुनी जोडी ते आपले म्हणून राखते आणि जवळ येणाऱ्या प्रत्येकावर धावून जाते. ओळख होईपर्यंत घरटी पूर्णपणे काढून टाकावीत; अंडी किंवा पिल्ले असतील तर ओळखच पुढे ढकलावी. पुढे घरटी द्यायची तेव्हा जोड्यांपेक्षा एक-दोन जास्त द्यावीत आणि सारी एकाच उंचीवर टांगावीत, कारण एखादे इतरांपेक्षा उंच असले की सगळ्यांना तेच हवे असते. वडगाव-शहापूर-खासबाग भागात माग असलेल्या घरांतून उरलेले सूत घरट्यासाठी टाकण्याची सवय दिसते. ती घातक आहे. बारीक धागा पायाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तुटतो आणि पाय निकामी होतो. त्याऐवजी वाळलेले गवत किंवा आखूड कापलेला काथ्या द्यावा.

प्रत्यक्ष ओळखीसाठी आठवडाभर दोन्ही पिंजरे शेजारी ठेवावेत. मग जुन्यांना बाहेर काढून पिंजरा धुवावा, काठ्या आणि भांडी यांच्या जागा बदलाव्यात आणि नवे-जुने सर्व एकदम आत सोडावेत. हे सकाळीच करावे, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येते. दाण्याची दोन भांडी दोन टोकांना असावीत.

यानंतर थोडी पळापळ आणि चोचाचोची होणारच. काही क्षणांत दोघे पुन्हा दाणे टिपू लागले तर मध्ये पडू नये. मात्र एकाच पाखराचा पाठलाग सतत चालला, त्याला दाण्याजवळ फिरकू दिले नाही, डोक्यामागची पिसे उपटलेली दिसली किंवा ते जमिनीवर बसून राहिले, तर त्याच दिवशी हस्तक्षेप करावा, कारण फिंच थोडे थोडे पण सतत खाणारा पक्षी असल्याने दिवसभराच्या उपासानेही खंगतो. अशा वेळी लोक मार खाणाऱ्याला बाहेर काढतात आणि दांडगा आतच राहून पुढचे सावज शोधतो. बाहेर काढायचा तो दांडगा. काही दिवसांनी, पुन्हा काठ्या हलवून, त्याला आत सोडावे. तेवढ्यात त्याचा हद्दीवरचा हक्क सैल पडलेला असतो. जखमी पक्ष्याला मात्र वेगळ्या, उबदार आणि शांत जागी ठेवावे.

जावा स्पॅरो हा फिंचच्याच कुळातला पक्षी आकाराने बराच मोठा असल्याने त्याला झेब्राच्या पिंजऱ्यात टाकू नये. भाताच्या शिवारात दिसणाऱ्या मुनिया पकडून आणणे तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे, मग त्या कितीही स्वस्तात मिळोत.

औषधाच्या बाबतीत एवढेच, की आपल्याकडील पशुवैद्यांचा रोजचा संबंध गायी-म्हशींशी येतो, तेव्हा पक्षी तपासता का, हे आधीच विचारून ठेवावे. झेब्रा फिंचचे वजन जेमतेम 12 ग्रॅम असते. कोंबडीच्या औषधाचे चार थेंब अंदाजाने पाण्यात टाकणे त्याच्या जिवावर बेतू शकते.