शैक्षणिक कर्जावर सहकर्जदार म्हणून सही करताय? या चुका टाळा

प्रवेशाच्या याद्या लागल्या की नागपुरात नोकरदार काका-मामांना फोन सुरू होतात. बापाची काटोलला संत्र्याची बाग किंवा इतवारीत छोटं दुकान, पगारपत्रक नाही. खासगी फायनान्स कंपनीला मात्र पगारपत्रकच हवं असतं. मग पोरगं म्हणतं, "नुसती सही तर मारायची आहे न जी, काका."

पहिली चूक इथंच होते. साक्षीदाराची सही वेगळी, जामीनदाराची वेगळी आणि सहकर्जदाराची वेगळी. सहकर्जदार झालात की कर्ज तुमचंच आहे. जामीनदारालाही फारशी सूट नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार, करारात वेगळं लिहिलं नसेल तर त्याची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "आधी पोराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" हे तिथं चालत नाही. म्हणून फॉर्मवर तुमच्या नावापुढे काय लिहिलंय ते आधी वाचा.

दुसरी चूक घाईची. खासगी कंपनीकडे जाण्याआधी सरकारी योजना पाहून घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत व्हीएनआयटी, आयआयएमसारख्या निवडक संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामिनाशिवाय कर्ज मिळतं. मॅनेजमेंट कोट्याला ती लागू नाही. कॉलेज यादीत असेल तर बहुधा काका-मामांच्या सहीची गरजच उरणार नाही, आणि हे पोराला स्पष्ट सांगायला संकोच करू नका.

आता आकडा. १० लाख रुपये एकरकमी उचलले, व्याज ११ टक्के सरळ, दोन वर्षांचा कोर्स आणि पुढे एक वर्ष हप्ता न भरण्याची सवलत. या तीन वर्षांत काहीच भरलं नाही तर ३ लाख ३० हजार व्याज चढतं आणि ते मुद्दलात मिसळतं. मग १३ लाख ३० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता साधारण १८,३०० रुपये पडतो. व्याज शिकतानाच भरत गेलं असतं तर हाच हप्ता १३,८०० च्या आसपास राहिला असता. बऱ्याच खासगी कंपन्या तर कोर्स चालू असतानाच व्याज किंवा थोडा हप्ता मागतात. तो कोण भरणार, हे घरात बसून आधी ठरवा. आपलं वयही मोजा: चार वर्षांचं इंजिनिअरिंग, एक वर्ष सवलत, दहा वर्षं हप्ते. आज बावन्न वर्षांचा माणूस शेवटचा हप्ता सदुसष्टाव्या वर्षी पाहील.

सगळ्यात जास्त घात मोबाईल नंबरचा रकाना करतो. एजंट फॉर्म भरताना सगळीकडे पोराचाच नंबर टाकतो. हप्ता त्याच्या खात्यातून कटतो, बाऊन्स झाला तर मेसेज त्यालाच जातो, आणि तो लाजेपोटी गप्प बसतो. तुम्हाला कळतं ते वसुलीवाल्याचा फोन आल्यावर, किंवा स्वतःच्या घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर. कारण थकबाकी तुमच्याही सिबिल रिपोर्टवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, दिसते. सही करतानाच आपला नंबर आणि ईमेल नोंदवा, कर्जखात्याचं ऑनलाइन लॉगिन मागून घ्या. सिबिलचा पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो, तो काढत जा.

हप्ता चुकलाच तर? भांडण नंतर करा, आधी खातं सांभाळा. ९० दिवस थकलं की खातं बुडीत म्हणजे एनपीए होतं, आणि मग बोलणी फार अवघड होतात. नोकरी लागली नसेल तर मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. कंपनीकडे केलेल्या तक्रारीवर ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते. फी लागत नाही. तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया तुमच्या खात्यातून थेट कर्जखात्यात जाऊ द्या. पोराच्या हातात रोख दिलीत तर पुढे पुरावा राहत नाही.

पुतण्यासाठी भरलेल्या व्याजावर शैक्षणिक कर्जाची आयकर सवलत (कलम ८०ई म्हणून ओळखली जाणारी) काकाला मिळत नाही. ती स्वतः, जोडीदार, मुलं किंवा कायदेशीर पालकत्वाखालचा विद्यार्थी यांच्यापुरतीच आहे, तीही जुन्या करप्रणालीत.

विद्यार्थ्याच्या नावाने कर्जाएवढा मुदत विमा काढायला लावा. हा विषय काढणं जड जातं, तरी काढा. पोराचं बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज सहकर्जदाराच्याच अंगावर येतं. आणि कर्ज फिटल्यावर ना-हरकत दाखला मागून घ्या. घराचे कागद तारण ठेवले असतील तर ते ३० दिवसांत परत मिळायला हवेत. संस्थेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.