‘लेट’चा अर्थ लावताना या चुका टाळा

तुमचा पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावे केलेल्या विनंतीत तीन-चार इंग्रजी शब्द सापडतील : ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’. लेट म्हणजे ‘करू देणे’ एवढंच डोक्यात असेल, तर याचा अर्थ ‘परवानगीशिवाय’ असा लावला जातो आणि वाक्याचा पार विचका होतो. इथला लेट म्हणजेच अडथळा. त्याच पानावरच्या हिंदी मजकुरात ‘बिना रोक-टोक’ असं स्वच्छ लिहिलंय, ते आधी वाचावं.

आता एकच शब्द उलटा फिरला, असं समजू नका. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही दोन क्रियापदं होती. ‘लॅटन’ म्हणजे सोडणे, होऊ देणे. ‘लेट्टन’ म्हणजे अडवणे. शेवटची अक्षरं झिजली आणि दोघांचं स्पेलिंग एक झालं. लेट्टन निघालं ‘लॅट’ या विशेषणातून. लॅट म्हणजे मंद, रेंगाळणारा. ज्याला रेंगाळायला लावलं, तो अडलाच. ‘गाडी लेट आहे’ यातला लेटही याच लॅटचा. देवनागरीत आपण दोन्ही सारखेच लिहितो हा योगायोग, पण नातं खरं आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. आणखी मागे गेलं तर लॅटन आणि लॅट यांचं मूळही ‘सैल सोडणे’ या अर्थाच्या एकाच धातूत मानतात.

जुनं साहित्य वाचताना ही चूक महागात पडते. पित्याच्या भुतामागे निघालेल्या हॅम्लेटला सोबती धरून ठेवतात, तेव्हा ‘मला जो लेट करेल त्याचंच भूत करीन’ असं तो म्हणतो. ‘जाऊ देईल’ असा अर्थ घेतला, तर प्रसंगच कोसळतो. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्येही थेस्सलनीकरांच्या दुसऱ्या पत्रात ‘लेट’ करणारा म्हणजे रोखून धरणारा.

टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून योग्य चौकटीत पडला की ‘लेट’ पुकारतात. हा ‘नेट’चा अपभ्रंश, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. पण स्क्वॉशमध्ये जाळीच नसते, तरी लेट असतो : प्रतिस्पर्धी वाटेत आला म्हणून रॅली पुन्हा खेळायची. दोन्हीकडे मुद्दा अडथळ्याचा.

इमारतीवरच्या ‘टू लेट’ पाटीतला लेट मात्र लॅटनच्या घरातला, म्हणजे देण्याचा. ‘बुकलेट’मधल्या लेटला यांत ओढू नका, तो लहानपणा दाखवणारा प्रत्यय फ्रेंचमधून आला आहे.