अक्षरांत आकडे लिहायला शिका: कटपयादीची रीत

पाचवीतली मुलं रोमन संख्याचिन्हं शिकतात तेव्हा सात अक्षरांत त्यांचं काम भागतं. बेंगळुरूत आमच्या गच्चीवर रविवारी मराठी मुलांचा वर्ग भरतो. हा धडा आला की कुणीतरी हमखास विचारतं, "मावशी, आपल्या अक्षरांनी आकडे लिहिता येत नाहीत का?"

येतात. आणि माझ्या मते रोमनपेक्षा कितीतरी सुंदर येतात, कारण आपल्या रीतीत लिहिलेला आकडा म्हणता येतो, गाता येतो, श्लोकात बसवता येतो. या रीतीचं नाव कटपयादी. वाचायला ती एका संध्याकाळी जमते. लिहायला थोडा सराव लागतो, आणि खरी गोडी लिहिण्यातच आहे. म्हणून मी मुलांना दोन्ही शिकवते आणि इथेही दोन्ही सांगणार आहे.

चौकटीची वही घ्या आणि या चार ओळी लिहा:

क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५, च ६, छ ७, ज ८, झ ९, ञ ०
ट १, ठ २, ड ३, ढ ४, ण ५, त ६, थ ७, द ८, ध ९, न ०
प १, फ २, ब ३, भ ४, म ५
य १, र २, ल ३, व ४, श ५, ष ६, स ७, ह ८

पाठ करण्यासारखं यात जवळजवळ काहीच नाही. वर्णमाला येते ना, मग बोटं मोजा. क, ट, प, य या चौघांपासून मोजणी नव्याने सुरू होते, एवढंच लक्षात ठेवायचं. मुलं सुरुवातीला 'त'पाशी अडखळतात. 'त'पासून नवी ओळ सुरू होते असं त्यांना वाटतं, पण ट-वर्ग आणि त-वर्ग इथे सलग मोजतात, म्हणून त सहा आणि न शून्य.

आता नियम. शंकरवर्मन यांच्या 'सद्रत्नमाला' ग्रंथात ते एका श्लोकात बसवले आहेत:

नञावचश्च शून्यानि संख्याः कटपयादयः ।
मिश्रे तूपान्त्यहल् संख्या न च चिन्त्यो हलः स्वरः ॥

म्हणजे न, ञ आणि सुटे स्वर यांची किंमत शून्य. जोडाक्षरात स्वराच्या लगेच आधीचं व्यंजन मोजायचं, त्याआधीची सोडून द्यायची. पाय मोडलेलं, स्वर नसलेलं व्यंजन मोजायचं नाही. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना किंमत नाही. अनुस्वार आणि विसर्गालाही नाही.

यात आणखी एक गोष्ट घाला: आकडा उलटा वाचायचा. 'अङ्कानां वामतो गतिः', अंक डावीकडे चालतात. पहिलं अक्षर एकंचं, दुसरं दशकाचं, तिसरं शतकाचं.

'जय' घ्या. ज आठ, य एक. उलट वाचलं की १८. महाभारताचं एक नाव जय, आणि त्याची पर्वं अठरा, हा मेळ कीर्तनात आवर्जून सांगतात तो इथूनच आलेला. माझं माहेर सांगली: सां ७, ग ३, ली ३, म्हणजे ३३७. मुंबईत मु ५, ब ३ आणि ई हा सुटा स्वर म्हणून ०. उलट वाचलं की ०३५, म्हणजे पस्तीस.

जोडाक्षरांवर मात्र घाई करू नका. 'सूर्य' आणि 'चंद्र' शेजारी शेजारी लिहा. सूर्यमध्ये र् आधी उच्चारला जातो आणि य नंतर, म्हणून य मोजायचा: सू ७, र्य १, उत्तर १७. चंद्रमध्ये र शेवटी येतो: चं ६, द्र २, उत्तर २६. रफार अक्षराच्या डोक्यावर दिसतो म्हणून मुलं तोच पकडतात. अशा वेळी डोळे मिटून शब्द सावकाश म्हणायला सांगा, कान बरोबर उत्तर देतो. 'क्ष'मध्ये शेवटी ष आहे, म्हणून ६. 'ज्ञ'मध्ये शेवटी ञ आहे, म्हणून ०. आपण मराठीत त्याचा उच्चार द्न्य करतो, पण मोजताना लिखाणातली मूळ घडणच धरायची.

ही रीत मुख्यतः केरळातल्या ज्योतिर्गणितात वाढली. इ. स. ६८३ च्या सुमाराचा हरिदत्त यांचा 'ग्रहचारनिबंधन' हा ग्रंथ तिचा जुना साक्षीदार. वररुचीच्या नावावर असलेली २४८ चांद्रवाक्यं तिच्यातच आहेत. प्रत्येक वाक्य म्हणजे त्या त्या दिवशीची चंद्राची जागा. पहिलं वाक्य 'गीर्नः श्रेयः'. सोडवून पाहा: गी ३, र्नः ०, श्रे २, यः १. उलट वाचा, १२०३. चंद्र एका दिवसात बारा अंश तीन कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पुढे गेला. मला या दोन शब्दांचं फार अप्रूप वाटतं. गणित करणाऱ्याला २४८ दिवसांचं कोष्टक तोंडपाठ हवं होतं. नुसते आकडे पाठ करणं अवघड, आणि ताडपत्रावर नक्कल करताना एक आकडा चुकला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. शब्द चुकला तर अर्थ बिघडतो, वृत्त अडखळतं, आणि वाचणारा थांबतो.

दुसरं उदाहरण केरळातल्या गुरुवायूरचं. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरी यांच्या 'नारायणीयम्'चा शेवट 'आयुरारोग्यसौख्यम्' या शब्दाने होतो. आ ०, यु १, रा २, रो २, ग्य १, सौ ७, ख्य १. शेवटचा म् मोजायचा नाही. उलट वाचलं की १७१२२१०. कलियुगाच्या आरंभापासून मोजलेले हे दिवस १५८६ च्या अखेरीस येतात, तीच काव्य पूर्ण झाल्याची तिथी. एकच शब्द वाचणाऱ्याला दीर्घायुष्य, आरोग्य आणि सुख देतो आणि तारीखही सांगतो.

कर्नाटक संगीत शिकायला लागल्यावर ही रीत माझ्या रोजच्या कामाची झाली. तिथे बहात्तर मेळकर्ता, म्हणजे जनक, राग आहेत, आणि रागाच्या नावाची पहिली दोन अक्षरं त्याचा क्रमांक सांगतात. मायामालवगौळ: मा ५, या १, म्हणजे १५. धीरशंकराभरण: ९ आणि २, म्हणजे २९. मेचकल्याणी: ५ आणि ६, म्हणजे ६५. मूळ नावं शंकराभरण आणि कल्याणी; आकडा जुळावा म्हणून पुढे धीर आणि मेच जोडले. पहिल्या छत्तीस मेळांत शुद्ध मध्यम (म हा स्वर), पुढच्या छत्तीसांत तेच सगळं तीव्र मध्यमासह. म्हणून ६५ मधून ३६ वजा केले की २९ उरतात, आणि कळतं की कल्याणी आणि शंकराभरण यांत फरक फक्त मध्यमाचा. आपल्या हिंदुस्थानी संगीताच्या भाषेत कल्याण आणि बिलावल थाट; थाट म्हणजे रागांचे मूळ स्वरसंच. पंडित विष्णू नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेत गेले, तिथल्या मेळपद्धतीचा त्यांनी कसून अभ्यास केला. त्यांच्या दहा थाटांमागे तो अभ्यास आहे. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या मराठी माणसाने म्हणूनच ही बेरीज-वजाबाकी एकदा करून पाहावी. भैरव १५ वर सापडेल, काफी २२ वर (खरहरप्रिया), खमाज २८ वर (हरिकांभोजी).

फक्त रागांच्या नावांत जोडाक्षराचा नियम कधी कधी मोडतो. 'चक्रवाक' नियमाने २६ यायला हवा, पण त्याचा क्रमांक १६, कारण तिथे क्र मधला क धरला आहे. 'दिव्यमणी'त व धरतात, म्हणून ४८. यादी समोर ठेवून पडताळा घ्या.

आता लिहिणं. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. मुलांना ती लक्षात राहत नव्हती, म्हणून आम्ही ती शब्दांत लिहायला घेतली. आधी आकडा उलटा करा: ६, ४, ६, १. वहीत चार उभ्या पट्ट्या आखा आणि प्रत्येकीत त्या अंकाची सगळी अक्षरं भरा. सहाच्या पट्टीत च, त, ष. चारच्या पट्टीत घ, ढ, भ, व. पुन्हा च, त, ष. एकच्या पट्टीत क, ट, प, य. आता प्रत्येक पट्टीतून एक अक्षर उचलायचं आणि काना-मात्रा हव्या तशा लावायच्या. त, व, त, प... 'तवा तापे'! १६४६. एव्हरेस्टचे ८८४८ मीटर त्याच रीतीने 'जेव, दादा' झाले. हे दोन्ही आकडे वर्गातलं एकही मूल आता विसरत नाही.

शब्द पटकन सुचत नसेल तर मोठ्याने पुटपुटत राहा. नुसतं पट्टीकडे बघून सुचत नाही. आणि पहिलाच मिळालेला शब्द घेऊ नका. शिवराज्याभिषेकाच्या १६७४ साठी 'घास, ताक' जमतं, 'भासते का' जमतं, पण आम्ही 'वसंत ये' ठेवलं, कारण त्या वर्षाला ते शोभतं. पानिपतच्या १७६१ ला 'पाच साप'. १९४७ ला 'सावध का?'.

नऊ हा अंक नवशिक्याला छळतो, कारण त्याला झ आणि ध एवढीच दोन अक्षरं आहेत. केरळात काही ठिकाणी ळ ला ९ धरतात. मराठीत लिहिताना ही सवलत जरूर घ्या, आपल्याकडे ळ मुबलक आहे: फळ ९२ होतं, नळ ९०. जुना संस्कृत श्लोक सोडवताना मात्र ही सवलत घेऊ नका.

एक कळकळीचं सांगणं. कोणताही शब्द घेतला तरी त्यातून काही ना काही आकडा निघतोच. म्हणून एखाद्या नावातून 'गुप्त संकेत' निघाला असं कुणी पाठवलं तर आधी नियमाने सोडवा, मग त्या आकड्याला दुसरीकडून आधार आहे का ते बघा. पाय (π) या संख्येसाठी 'गोपीभाग्य' असा सुरू होणारा श्लोक सगळीकडे फिरतो. तो १९६५ साली छापल्या गेलेल्या भारती कृष्ण तीर्थ यांच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झाला. तो डावीकडून उजवीकडे सरळ वाचावा लागतो, परंपरेच्या उलट, आणि दशांश चिन्हानंतरचा एकतिसावा अंक ५ हवा तिथे २ येतो. मुलांना पायसाठी काही द्यायचंच असेल तर सद्रत्नमालेतली ही ओळ द्या: 'भद्राम्बुद्धिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद्भूपगीः'. शेवटून सोडवत या, गी ३, प १, भू ४, य १, स्म ५, द्धा ९, श्र २... पूर्ण ओळीतून ३.१४१५९२६५३५८९७९३२४ मिळतं, सतरा दशांश स्थळांपर्यंत अचूक. ग्रंथ १८१९ चा. जोडाक्षरांचा सराव म्हणूनही याहून चांगली ओळ मला माहीत नाही.

शून्यांचं थोडं. आकड्याच्या शेवटी शून्य असेल तर शब्दाची सुरुवात न ने किंवा स्वराने होते: महाराष्ट्र राज्याच्या १९६० साठी आम्ही 'आत धूप' केलं. शब्दाच्या शेवटी न किंवा सुटा स्वर आला तर तो आकड्याच्या पुढचं शून्य होतो आणि किंमत बदलत नाही. कनकांगी ०१ आणि हनुमतोडी ०८ हे मेळकर्ता राग याच आधारावर उभे आहेत. वाक्य पुरं होत नसेल तर हा न बिनधास्त वापरा. पिन कोड किंवा फोन नंबर लिहिताना मात्र नको, तिथे आकडे किती आहेत तेही जपावं लागतं.